हात न लावलेले अकरा तास

ज्योतीराम आमच्या महाळुंग्याच्या कंपनीत सात वर्षं कंत्राटी कॉम्प्युटर दुरुस्तीवाला होता. मूळचा लातूरकडचा, मोशीत बायको आणि मुलीसह एका खोलीत राहायचा. दिवाळीनंतर चार कंत्राटी माणसं कायम करणार, अशी नोटीस लागली तेव्हा सगळ्यांच्या तोंडी त्याचंच नाव होतं. घरी जाऊन त्याने मुलीला सांगूनही टाकलं. सांगायला नको होतं.

मी क्वालिटी रूमचा प्रमुख. आमच्या मोजमापाच्या कॉम्प्युटरला एक खोड लागली होती. कोणी हात लावलेला नसला तरी त्याचा पंखा घरघरायचा आणि डबा तापायचा. खंडेनवमीला लावलेलं गंध त्या उबेनं पोपडे धरून गळालं. वरून निरोप आला, फॉरमॅट मारा.

"मारतो की, जयसिंगभाऊ," ज्योतीराम म्हणाला. "पन आदी बगू तरी द्या, रिकामा असताना ह्याला कोन उठवायलंय."

त्याने मला समजावून सांगितलं. काम नसलं की कॉम्प्युटर डुलकी घेतो; आतलं घड्याळ त्याला गरजेपुरतं उठवतं. आमचा मात्र सेकंदाला हजार वेळा उठत होता. कुठला तरी प्रोग्रॅम सारखा गजर लावत होता. तो पकडायचा तर कॉम्प्युटर खरोखर रिकामा हवा, माउस हलला तरी मोजणी बिघडते. म्हणून तो एकेक प्रोग्रॅम बंद करायचा आणि हात मांडीवर ठेवून अर्धा-अर्धा तास नुसता आकड्यांकडे बघायचा. दोन दिवसांत असे अकरा तास गेले.

आता आमच्या खोलीची रीत सांगतो. आम्ही सहाही जण दादासाहेबांच्या नावाने लॉगिन करतो. दादासाहेब दोन वर्षांपूर्वी रिटायर होऊन देहूरोडला घरी बसले, पण त्यांचा पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीवर लिहिलेला आहे. स्वतःचा कोण लक्षात ठेवतो? ज्योतीरामने मात्र स्वतःचं नाव घातलं. म्हणे, रिपोर्ट माझ्या नावानं जाणार तर लॉगिनही माझंच पाहिजे. एवढा सरळ माणूस आमच्यात टिकायचा कसा!

दुसऱ्या दिवशी चोर सापडला. कोणी कळ दाबली का, माउस हलवला का, हे एक छोटासा प्रोग्रॅम सेकंदाला हजारदा तपासत होता. कोण रिकामं बसतं ते कळावं म्हणून ऑफिसनेच तो गुपचूप टाकला होता. ज्योतीरामने दोन पानी रिपोर्ट लिहिला: दहा सेकंदांनी एकदा तपासलं तरी पुरे. मला बरोबर घेऊन तो शेखर साहेबांकडे गेला. साहेब नवे, येऊन चारच महिने झालेले, कायम करायच्या माणसांची यादी तेच करत होते.

साहेबांनी पहिलं पान वाचलं, नाव पाहिलं आणि स्क्रीन आमच्याकडे वळवली. ज्योतीराम: अकरा तास, काम शून्य.

"सायेब, त्येच तर काम हुतं," तो म्हणाला.

"जयसिंगराव, तुमच्यासमोर होते ना हे? काम करत होते?"

त्या स्क्रीनवर सगळ्यांत वर दादासाहेब होते. तिन्ही पाळ्या, एकही सुट्टी नाही. मी हो म्हणालो असतो, तर मग शून्य कसं म्हणून साहेबांनी माझ्या खोलीच्या नोंदी उघडून बघितल्या असत्या. सहा जणांच्या नावापुढे शून्य, आणि मालाच्या दोन वर्षांच्या तपासणीवर घरी बसलेल्या माणसाचं नाव. ज्योतीराम माझ्याकडे बघत होता.

"माजं काय ध्यान न्हवतं, साहेब," मी म्हणालो.

यादीत त्याचं नाव आलं नाही. महिन्याभरात त्याचं कंत्राटही संपवलं. जाताना त्याने मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. प्रोग्रॅम मात्र ऑफिसने त्याच्या रिपोर्टात होतं तसाच बदलला. पंखा आता गप्प असतो.

सव्वीस जानेवारीला झेंड्याखाली वर्षातल्या सर्वांत कष्टाळू कामगाराचं नाव पुकारलं. दादासाहेब. आमच्या खोलीने जोरात टाळ्या वाजवल्या. त्यांची तब्येत बरी नाही असं सांगून शाल-नारळ घ्यायला मी पुढे गेलो.