जागेश्वरची हकालपट्टी

आमच्या वरठीत एकेकाळी क्रांती होणार होती. झाली नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण होणार होती त्या काळात जागेश्वर हमाल तिच्यात होता, आणि त्याचं दुःख हे की तिच्यातून त्याला कोणी काढेना.

पक्षाचं नाव श्रमिक समता दल. कचेरी म्हणजे पुंडलिकराव गुरुजींची ओसरी. गुरुजी सरचिटणीस, होमिओपॅथीचे धनीराम डॉक्टर विचारवंत, कापडवाले ताराचंद शेठ देखरेखीला, आणि बाकी आठदहा मास्तर-कारकून. श्रमिकांच्या या पक्षात श्रमिक एकच, धानाच्या गिरणीत पोती वाहणारा जागेश्वर. सतरंजी तो घाली, भोंगा तो बांधी, आणि मिरवणुकीत त्याला सगळ्यांत पुढे ठेवत, लोकांना दाखवायला. "हा पाहा कामगार," म्हणत गुरुजी त्याच्या खांद्यावर हात ठेवत, आणि जागेश्वर छाती काढून उभा राही. मानाचा भुकेला होता बिचारा. असेना का, पोत्याखाली मान वाकवणाऱ्याने मानाची भूक धरू नये असा काही कायदा नाही.

आणीबाणी लागली तेव्हा सगळ्यांनी तुरुंगात न्यायच्या पिशव्या भरून ठेवल्या. पोलीस काही आले नाहीत. शेवटी गुरुजी स्वतःच ठाण्यावर गेले. फौजदाराने त्यांना चहा पाजला, पोराची शिकवणी घ्याल का म्हणून विचारलं आणि घरी पाठवलं. हा घाव पक्षाला सोसवला नाही.

"गुरुजी, तुमाले काहून नाई पकडलं?" डॉक्टरांनी बैठकीत विचारलं.

"मंग तुमाले काहून नाई पकडलं?" गुरुजी म्हणाले.

ज्याला पकडलं नाही तो खबऱ्या, असं ठरलं. आणि पकडलं तर कोणालाच नव्हतं.

आणीबाणी उठली आणि हकालपट्ट्या सुरू झाल्या. पहिला नंबर ताराचंद शेठचा. भर बाजारात भोंग्यावर त्यांचे गुन्हे वाचले गेले: फितूर, प्रतिगामी, रशियाचा हस्तक. शेठ जन्मात तुमसरच्या पलीकडे गेले नव्हते. पण रशियाचा हस्तक दिसतो कसा, हे पाहायला पार जवाहरनगरच्या क्वार्टरांतून बाया त्यांच्या दुकानात आल्या, आणि आल्याच आहोत तर म्हणून लुगडी घेऊन गेल्या. त्या हंगामात गावात शेठइतका वजनदार माणूस दुसरा नव्हता.

पुढे शेठना परत यावंसं वाटलं. आता घ्यायचं कसं? पक्षाच्या पुस्तकांत माणूस काढायची रीत होती, घ्यायची नव्हती. मग मंडळींनी तेच केलं, जे त्यांचे बापजादे जातीबाहेर टाकलेल्याचं करत आले होते. गुन्हेगाराने सगळ्यांना मटणाचं जेवण द्यायचं, पंचांनी त्याच्या ताटातला पहिला घास घ्यायचा, की माणूस शुद्ध. जातपंचायत मोडून काढा, असा ठराव याच मंडळींनी याच ओसरीवर केला होता. त्या दिवशी तो कोणाला आठवला नाही, कारण मटण फार चांगलं झालं होतं.

मटण रांधलं होतं जागेश्वरच्या बायकोने, शकुनबाईने. मग ती रीतच पडली. जो तो आळीपाळीने निघाला आणि आळीपाळीने जेवण घालून परत आला. गुरुजी तर दोनदा निघाले. दर वेळी पाट्यावर मसाला वाटायला शकुनबाई आणि वाढायला जागेश्वर. परत आलेला माणूस मधल्या पाटावर बसे, कपाळाला गुलाल, सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. जागेश्वर रस्स्याची बादली धरून बघत राही. एकदा तरी त्या पाटावर बसावं, एवढंच त्याला या जन्मात हवं होतं.

त्याने कमी खटपट केली नाही. गिरणीमालकाच्या पोरीच्या लग्नात राबला, मारुतीला नारळ फोडला, चीनला गुरू मानणाऱ्या या पक्षाच्या भर बैठकीत "चीन चोर हाये" म्हणाला. गुरुजी म्हणाले, "कामगार कदी चुकत नाई." डॉक्टर म्हणाले, "चुकला तरी इतिहास त्याच्या बाजूनं हाये." एकुलता एक श्रमिक हाकलून दिल्यावर श्रमिकांचा पक्ष म्हणवायचं कोणत्या तोंडाने?

"सारे निंगाले, तुमालेच कोनी काढत नाई," शकुनबाई घरी टोमणा मारी. "काढाच्या बी लायकीचे नाई का तुमी?" त्या दिवशी जागेश्वरला जेवण जात नसे.

पुढे गोसीखुर्दच्या धरणाची बोलणी गावोगाव सुरू झाली. धरण म्हणजे प्रगती, असं गुरुजींचं मत. धरण म्हणजे गावं बुडणार, असं डॉक्टरांचं. एकाच बैठकीत ओसरीच्या या टोकाने त्या टोकाला हाकललं आणि त्या टोकाने या टोकाला. जागेश्वर तेव्हा अंगणातल्या कडुलिंबावर भोंगा बांधत होता. त्याचं नाव घ्यायचं दोन्ही टोकांना सुचलं नाही. तो खाली उतरला तेव्हा अख्खा पक्ष म्हणजे तो एकटाच.

या खेपेला जेवण कोणीच घातलं नाही, सगळे दमले होते. जागेश्वरने वाट पाहिली आणि मग स्वतःच बैठक बोलावली. सतरंजी घातली, तिच्यावर बसला आणि स्वतःला काढून टाकलं. बाजारात भोंग्यावर स्वतःचे गुन्हे सांगितले: फितूर, प्रतिगामी, रशियाचा हस्तक आणि, कमी पडू नये म्हणून, चीनचाही. लोकांनी टाळ्या पिटल्या. मटण घेऊन, उजळ तोंडाने तो घरी आला, आणि दारातच त्याच्या ध्यानात आलं की परत घ्यायला पक्षात कोणी उरलंच नाही. तो मटणाची पिशवी मांडीवर घेऊन उंबऱ्यावरच बसला.

"मले करा मेंबर," शकुनबाई म्हणाली.

"मीच भाईर हावो. आता कसा करू?"

"काढाच्या पयलेच केलं होतं म्हना. कोन इचारते?"

जागेश्वरला हे पटलं. आता पक्ष म्हणजे शकुनबाई.

"मंग घे वं मले परत."

शकुनबाईने पाट मांडला आणि त्यावर स्वतःच बसली. "रीत काय हाये? गुन्हेगारानं जेवन द्याचं. तं रांधा."

"मी रांधू?"

"नाई तं कोन? इतकी सालं तुमच्या पार्टीचं मटन म्या रांधलं. पंगत उठल्यावर हंड्यात रस्सा उरला तं मी जेवली, नाई तं तिखट-मीठ अन् भात. मेंबरं तं मेंबरं, पन वाढाले तुमी होते ना? तुमाले बी नाई दिसलं?"

जागेश्वरला लाज वाटली, अगदी आतून. तो उठला आणि पाट्यावर मिरच्या घेऊन बसला. जमेल तसं मटण केलं आणि तिच्यापुढे ताट ठेवलं. शकुनबाईने पहिला घास घेतला, सावकाश चावला. मग दुसरा, तिसरा. जागेश्वर बादली धरून उभा. पोटभर जेवून तिने ताटातच हात धुतला.

"मीठ कमी हाये," ती म्हणाली. "तुमचं पुढच्या बैठकीत पाहू."

पुढची बैठक दर रविवारी भरत गेली. कधी मटण, कधी नुसती वांग्याची भाजी, रांधणारा जागेश्वरच. शकुनबाई पाटावर बसून जेवायची. तिने त्याला मरेपर्यंत परत घेतलं नाही.