तिच्या हातातल्या सह्या

वॉर्डातलं दारूचं दुकान ठेवायचं की नाही, यावर मतदान व्हावं म्हणून आमच्या गल्लीतली शिवणकाम करणारी बाई बायकांच्या सह्या गोळा करायची. बायकोच्या वतीनं नवरा पुढे आला की म्हणायची, "तुम्ही नाही जी, तिले बोलवा." आधी सगळा अर्ज वाचून दाखवायची, मगच पेन द्यायची. आमदारांचा कार्यकर्ता असून इतकं चोख काम मी कधी केलं नाही.

हिवाळी अधिवेशनात अशा अर्जांसाठी नवे नियम येणार, सहीसोबत मोबाइल नंबरही लागणार, अशी चर्चा होती. ते निमित्त धरून मी तिच्याकडे गेलो.

"साहेबांना दाखवतो. यादीचा फोटो काढू द्या."

तिनं मशीन थांबवली. "काहून जी भाऊ? यादी मी सरकारी हापिसातच देईन. साहेबाले नियम करायचाच असन, तर आमची नावं दुकानवाल्याले कळू नये, असा करा म्हणा."

मला दुकानवाल्यानंच पाठवलं होतं. हे आजवर कुणाला सांगितलं नाही.

उठताना राहवलं नाही. "आमच्या घरचीनं केली का हो सही?"

ती पुन्हा शिवायला लागली. "घरी विचारायची हिंमत नाही, अन् मले विचारून राहिले?"