आयर्लंडवरचा माया निबंध

"थांबा. आधी शुद्ध बोला, मग आयर्लंडला जा."

पुन्याहून आलेल्या पाहुन्या सरनं मले दुसऱ्याच वाक्याले अडवलं. अमरावतीच्या आमच्या कॉलेजात चर्चासत्र होतं. मी एम.ए.ले होती, राज्यशास्त्र. माया निबंध आयर्लंड आन युरोपीय संघावर. लिहिलं शुद्धच होतं. पन बोलता बोलता तोंडातून गेलं, "आयर्लंडले आपली ओळख सोडा लागली नाई."

त्या 'ले'वर सभागृह हसलं. सरनं माइकवरच इचारलं, "दर्यापूरकडच्या ना तुम्ही? घरी काय करतात?"

"भाजी लावतो सर. फुलंई."

"मग भाजीबाजारावर लिहायचं. तो विषय झेपला असता."

पुन्हा हसू. बाजूले आमच्या मॅडम बसल्या होत्या, अकोटच्या. मायासंग वऱ्हाडीच बोलत. त्याई हसल्या. ते जास्त लागलं. मी मान खाली घालून उरलेलं वाचलं. एकेक 'ला' जपून. काय वाचलं, मलेच समजलं नाई.

जेवनाच्या सुट्टीत तेच सर जवळ आले. हातात माया निबंध. आवाज आता मऊ. मले तवाच शंका आली. सकाळी हाकलनारा मानूस दुपारी गोड काहून?

"मांडणी चांगली आहे. आमच्या पुस्तकात घेऊ. भाषा मी सुधारतो. लेखक म्हणून माझं नाव राहील, तुमचे आभार मानू. शेवटी आपण सगळे मराठीच. एकच ना?"

एकच.

त्याच निबंधात मी लिहिलं होतं. आयर्लंड लहान देश. परक्या राज्यात त्याच्या पोराईची बोली शाळेत हिनवली गेली. मंग तो सोतंत्र झाला, आन आपल्या मर्जीनं युरोपीय संघात गेला. तिथं त्याचा मंत्री मोठ्या देशाईच्या मंत्र्याईसंग एकाच टेबलाले बसते. त्याची आयरिश भाषा तिथं अधिकृत हाय. एकत्र येनं येगळं, गिळल्या जानं येगळं. हे सारं मी पुस्तकाईतून उतरवलं होतं. समजलं त्या दुपारी, ताट हातात धरून.

"माया निबंध द्या," मी म्हटलं.

"अहो, संधी आहे ही."

"एकच असलो तर तुमचं नाव आभारात टाका सर. मायं वर राहू द्या."

यावेळी ते हसले नाई. कागद टेबलावर टाकले आन गेले.

मॅडमनं माया दंड धरला. "काहून भांडून राहिली व? पुढं कोनी बोलावनार नाई तुले."

"तुमी सकाळी काहून हसल्या मॅडम?"

त्याईनं माया दंड सोडला. पुस्तक निघालं, माया निबंधाबिगर. पुढच्या चर्चासत्राले मले खरंच कोनी बोलावलं नाई.

आता कोनी 'आपन सगळे एकच' म्हटलं का मी पहिले पाह्यते, टेबलाले बसलं कोन हाय आन ताट धरून उभं कोन. एकत्र यायले मायी ना नाई. पन येईन तर माया नावानं येईन, बोलीन तर माया बोलीत. ज्याले हे खपत नसंन, त्याच्या सभेत मी टाळ्या वाजवाले बसनार नाई.