हिमनदीच्या ड्रिलला कुंकू

दसऱ्याला आमच्या घरात जे झालं, ते आठवलं की अजून कपाळावर हात मारावासा वाटतो...

लेक इरा युरोपात हिमनद्यांवर पीएचडी करते. हिमाचलला जाताना दोन दिवस आमच्याकडे शारजात, अल मजाजला थांबली, सोबत तिचं ड्रिल. लांब पोकळ नळी, टोकाला पाती, वर हँडल. हातानं फिरवत बर्फात घुसवायचं आणि आतला बर्फाचा दांडा अख्खा बाहेर काढायचा. त्यात अडकलेली जुनी धूळ ती तपासते.

धूळ! हे तिनं जेवताना तीनदा सांगितलं होतं.

आमचे हे रास अल खैमाला सिरॅमिकच्या कारखान्यात मेंटेनन्सला. दसऱ्याला पान्यापासून लॅपटॉपपर्यंत सगळ्यांची पूजा करतात. इरा अंघोळीला गेली आणि ह्यांनी ड्रिलच्या प्रत्येक पात्याला कुंकू लावलं... तेही तेलात कालवून, टिकावं म्हणून! मी आत पुऱ्या तळत होते, नाहीतर हात धरला असता.

"बाबा, व्हाय? माय सॅम्पल्स विल बी रुइन्ड!" पोरगी रडायलाच लागली. दुसऱ्या दिवशी फ्लाइट, दुसरं ड्रिल मिळणार कुठून? "अगं, तुला यश यावं म्हणून..." हे पुटपुटले. मला असा संताप आला की काय सांगू.

सणाची दुपार टूथब्रश आणि स्पिरिट घेऊन बाथरूममध्ये गेली. पण खाचेत काही राहिलं नाही, हे बर्फात चालवल्याशिवाय कळणार कसं? शेवटी उम्म अल कुवैनला, मच्छीवाल्यांना बर्फाच्या लाद्या विकणाऱ्या कारखान्यात गेलो.

पहिला दांडा गुलाबी निघाला. धुऊन पुन्हा चालवलं, दुसराही गुलाबी... इरा मटकन खालीच बसली. मग ह्यांनी पाती सुटी केली आणि तासभर एकेक खाच पुसली. "यल्ला भाईसाब, बंद करने का टाइम हो गया," सुपरवायझर मागून ओरडत होता.

पुढचा दांडा निघाला तो काचेसारखा. इरानं उजेडात फिरवून फिरवून पाहिला. "क्लीन, बाबा. तरी हिमनदीवर पहिले दोन दांडे फेकणारच मी."

ड्रिलची पेटी बंद करताना ह्यांनी भीत भीत विचारलं, "नुसता नमस्कार केला तर चालेल?"

"फ्रॉम देअर. डोन्ट टच."

हे चार पावलं मागे सरकले, ओल्या फरशीवर उभं राहून त्यांनी हात जोडले. मी अजून धुमसत होते, पण माझेही हात जोडले गेले. पोर एवढ्या उंचावर, उघड्या बर्फात उभी राहणार... इथे बसून तिच्यासाठी आम्हाला तेवढंच करता येण्यासारखं होतं.