बढतीला थांबलेला आसाराम

पडदा वर जातो. मागे चिमणी, तिच्यातून धूर नाही. डावीकडे उंचवट्यावर अधिकाऱ्यांचे बंगले, उजवीकडे उतारावर कामगारांच्या चाळी. केज तालुक्यातली ही साखर कारखान्याची वसाहत आखताना पुण्याच्या आर्किटेक्टने म्हणे आधी वाऱ्याची दिशा पाहिली. राख साहेबाच्या चहात पडू नये, एवढं नगररचनेचं शास्त्र त्याला पक्कं ठाऊक होतं. ती पडायची उतारावरच्या 'ड' टाइपात, आसारामच्या भाकरीवर.

दर साली मोळीपूजनाला, म्हणजे गळीत सुरू होताना, आम्ही तिथे नाटक करायचो. प्रेक्षकही घरांप्रमाणेच बसायचे. 'अ' टाइप सोफ्यावर, 'ब' खुर्चीवर, 'क' सतरंजीवर आणि 'ड' मातीत. बॉयलरवरचा आसाराम सगळ्यांत मोठ्याने हसायचा, पण सोफा हसल्यावरच. एवढा शिस्तीचा प्रेक्षक मला पुन्हा मिळाला नाही.

मग कारखाना बंद पडला. साहेब लोक गेले, बंगले ओस पडले, आणि कामगार हळूहळू चढण चढून वर आले. नबी फिटर चीफ केमिस्टच्या बंगल्यात शिरला. त्याच्या बायकोने, आमिनाबीने, बाथटबात कोथिंबीर लावली. आसाराम मात्र हलेना. 'क' टाइपसाठी पुढचा नंबर त्याचा होता, आणि बढतीशिवाय घर बदलायचं नसतं. बढती देणारं कुणी उरलंच नव्हतं, ही किरकोळ अडचण.

यंदा नवा मालक आला. बंगल्यात जो राहतो त्याला राखणदार म्हणून ठेवायचं आणि चाळी पाडून उसाच्या गाड्यांना तळ करायचा, असं ठरलं. नबीने आसारामला आणि त्याच्या बायकोला, दगडाबाईला, ओढतच शेजारच्या रिकाम्या बंगल्यात आणलं.

"साहेब इचारील, इथंच राहता का. तू फक्त हो म्हण बे."

"अन् ग्रेड इचारला तर?" आसाराम म्हणाला.

"कावून इचारील? मेला तो ग्रेड."

दगडाबाई म्हणाली, "नबीभाई, तुमीच बोला त्यांच्या वतीनं. यांचं तोंड अजून ड्युटीवर हाय."

मी नबीकडे चहाला गेलो होतो, म्हणून मला पहिल्या रांगेची जागा मिळाली. नव्या मालकाचा तरुण मॅनेजर फाटकातून आत आला. त्याला पाहताच आसाराम व्हरांड्यातून खाली उतरला, चपला काढल्या, हात जोडले.

"इथंच राहता का, काका?"

"न्हाई साहेब. मी 'ड' टाइपचा."

मॅनेजर मान हलवून पुढच्या बंगल्याकडे गेला. आठवड्याभरात जेसीबीने चाळ पाडली. आता नवराबायको नबीच्या मोटार नसलेल्या गॅरेजात राहतात. दगडाबाई नवऱ्याशी बोलत नाही. बोलते ती आमिनाबीशी, त्याला नीट ऐकू जाईल अशा बेताने.

परवा नबीने माझ्यासमोरच त्याला धरलं. "एक हो म्हणायला काय जीभ झडली होती का बे?"

आसाराम म्हणाला, "साहेबानं घराचं इचारलं, नबीभाई. मला वाटलं, बढतीचा इषय काढतोय."