मामांनी पाहिलेला पहिला भाग

विनोदाकडे आमच्या मामांइतक्या गंभीरपणे पाहणारा दुसरा माणूस सोलापुरात झाला नसेल. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं, तेव्हा त्यांच्या गिरणीनं नव्या मागांचं काम शिकायला त्यांना विलायतेला पाठवलं. आत्यानं सोबत कडक भाकरीची अशी चवड बांधून दिली, की तिथल्या घरमालकीणबाईंना ती छपराची कौलं वाटली. मामा परतले ते एक कोट, एक छत्री आणि त्या बाईंच्या टेलिव्हिजनवर पाहिलेला एका विनोदी मालिकेचा पहिला भाग घेऊन. मालिका आठवड्याला एकदा लागायची, आणि दुसरा भाग लागायच्या आत यांचं विमान निघालं. सोलापुरात तेव्हा टेलिव्हिजन कुणी पाहिलेला नव्हता. त्यामुळे मामा सांगतील तोच आमचा टेलिव्हिजन.

गोष्ट साधी होती. एक कारकून अंगणात स्वतःच्या हातानं बोट बांधतो आणि बांधून झाल्यावर त्याला कळतं, की ती फाटकातून बाहेर निघत नाही. शेवटी पाऊस येतो आणि सगळं कुटुंब छत्र्या उघडून त्या अंगणातल्या बोटीत जेवायला बसतं. मामा हे कोर्टात साक्ष दिल्यासारखं सांगत आणि सांगून झालं की निकाल देत, "भाग फसलाय." निकाल कायम असला तरी आरोपी बदलायचा. एका वर्षी सगळा दोष कारकुनाचा होता. पुढच्या उन्हाळ्यात तो बायकोवर गेला, कारण अंगणात रोज बोट वाढताना दिसते आणि ही बाई गप्प कशी बसते? एकदा तर त्यांनी टेप आणून आमच्या फाटकाची रुंदी मोजली आणि माझ्या वडिलांना बजावलं, की बोट बांधायचा विचार असेल तर आधी मला विचारा. आमच्या नळाला प्यायच्या पाण्याची मारामार. तरीही वडिलांनी गंभीरपणे मान हलवली. आम्ही मुलं हसून लोळायचो, तर मामा दुखावल्या चेहऱ्यानं विचारत, यात हसण्यासारखं काय आहे ते मला दाखवा. ते स्वतः कधी हसले नाहीत. त्यांना विनोद कळतच नाही, असं घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

खरं काय ते फक्त आत्याला ठाऊक होतं. मामा विलायतेत असताना मंगळवेढ्याला त्यांचे वडील, अप्पा, वारले, आणि थोरल्या भावानं, म्हणजे अण्णांनी, तार केली नाही. मामा परतले ते वडिलांसाठी लोकरी मफलर घेऊन थेट मंगळवेढ्याला गेले. बातमी कळली ती दारात. त्यांनी फक्त कोणत्या दिवशी ते विचारलं, मफलर उंबऱ्यावर ठेवला आणि पाणीसुद्धा न घेता परत फिरले. त्यानंतर काही वर्षं दोघा भावांत बोलणं नव्हतं.

शेवटी आत्यानंच परस्पर निरोप धाडला आणि एका रविवारी दुपारी अण्णा एसटीनं आले. मी तिथंच होतो. मामा खुर्चीत ताठ बसून राहिले. अण्णांनी चहा घेतला, पिकापाण्याचं आत्याला सांगितलं, आणि मग भिंतीकडं बघत म्हणाले, की याची कसली तरी बोटीची गोष्ट हाय म्हणं, ती ऐकावी म्हणतो.

मामांनी गोष्ट सुरू केली. नेहमीसारखी, साक्ष दिल्यासारखी. सगळे बोटीत जेवायला बसले तिथं येऊन ते थांबले.

"अण्णा, मी हसत हुतो," ते म्हणाले. "डोळ्याला पाणी येईस्तोवर हसलो. त्याच दिवशी अप्पा गेले. मला ठावंच न्हाई."

अण्णा हळू म्हणाले, "अप्पांनीच अंथरूण धरलं तवा सांगितलं हुतं, त्याला कळवू नगो. शिकाय गेलंय, अर्ध्यातनं माघारी यायचं." मग ते म्हणाले, "हसलास ते बरंच झालं की. हितं आमी रडतच हुतो."

आत्या पदर तोंडाला लावून आत गेली. अण्णांनी रिकामी कपबशी खाली ठेवली आणि खऱ्याच काळजीनं विचारलं, "मग ती बोट भायेर निघाली का न्हाई?"

"ठाऊक न्हाई. म्होरचा भाग बघितलाच न्हाई मी."

दुसऱ्या दिवशी कधी खाडा न करणारे मामा गिरणीत निरोप धाडून अण्णांबरोबर मंगळवेढ्याला गेले. परतले ते डोकं आणि मिशा उतरवून, वडिलांच्या जाण्याला इतकी वर्षं झाल्यावर. रस्त्यात लोक थांबून कोण गेलं म्हणून विचारत, आणि मामा शांतपणे सांगत, "वडील."

त्या आठवड्यात धाकट्या बहिणीनं पुन्हा गोष्टीचा हट्ट धरला. मामांनी सांगितली. फाटकापाशी त्यांचा आवाज हलला, आणि बोटीत छत्र्या उघडल्या तेव्हा ते हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत, कितीतरी वेळ. आम्ही मुलं मात्र गप्प होतो. मिशांशिवाय त्यांचा चेहरा फार कोवळा दिसत होता.