इंग्रज कोणाला म्हणायचं

दिंद्रुडला माझे चुलते ‘इंग्रज’ हा शब्द शिवीसारखा वापरायचे. जीपमधून खाली न उतरता बोलणारा अधिकारी इंग्रज, उन्हात माणसं ताटकळत ठेवणारा पुढारीही इंग्रज. खरा इंग्रज त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. आमच्याकडं राज्य होतं निजामाचं.

मागच्या वर्षी त्यांच्या नातीनं लंडनच्या एका गोऱ्या मुलाशी लग्न केलं. तो पहिल्यांदा घरी आला, तेव्हा चुलते आता काय बोलतील म्हणून मी पुढंच जाऊन उभा राहिलो. चुलत्यांनी तांब्या उचलला, परातीत त्याचे पाय धुतले आणि गळ्यातल्या उपरण्यानं पुसले.

तेवढ्यात दारातून कुणीतरी ओरडलं, “इंग्रज आला म्हणं!”

चुलते उखडले. “इंग्रज तिकडं तहसीलमधी बसलाय बे. ह्यो आपला जावई हाय!”